दुसरं वाक्य

सात रस्त्याच्या सिग्नलला स्कूटी थांबवली, तर शेजारच्या मोटारसायकलवरच्या माणसानं तोंडाला गुंडाळलेला टॉवेल हनुवटीखाली ओढला आणि म्हणाला, "नमस्कार म्याडम." मी सवयीनं मान हलवली. डॉक्टरीणबाईला रस्त्यात लोक नमस्कार करतातच, आणि पुढच्या वाक्यात गुडघ्याला काय लावू म्हणून विचारतात. यानं काही विचारलं नाही. सिग्नल सुटला, टॉवेल पुन्हा वर गेला, आणि तो रंगभवनच्या बाजूला निघून गेला. मला पण तिकडंच जायचं होतं. थोडं पुढं गेल्यावर माझा डावा गाल तापायला लागला. ऊन असेल म्हटलं. सोलापुरात ऊन काही मागून घ्यावं लागत नाही. पण ऊन दोन्ही गालांवर पडतं की. मग मी स्कूटी कडेला घेतली, उसाच्या रसाच्या गाड्याजवळ, आणि रसवाला "किती ग्लास?" म्हणून विचारत असताना मला कळलं की तो बिरुदेव होता. ज्यानं मला मारलं तो. आज कोर्टात माझी साक्ष होती, आणि त्याची तारीख. आम्ही दोघं एकाच ठिकाणी निघालो होतो. त्याला ओळखलं ते तोंडावरून नाही. तोंड मी कधी धड पाहिलेलंच नव्हतं. त्या दिवशी त्याला मास्क, मला गॉगल, आणि गॉगलच्या आत वाफ. फक्त आवाज तेवढा आत जाऊन बसलेला, "म्याडम, म्याडम" म्हणणारा. रसवाल्याला एक ग्लास सांगितला, आणि तो तसाच ठेवून निघाले.

सकाळीच घरात यावरून वाजलं होतं. सिद्धलिंग, म्हणजे माझा नवरा, हाडांचा डॉक्टर, शेंगाचटणीवर तेल ओतत म्हणाला, "चंद्रिका, आज कच खायची नाही. हा कायदा आपल्याला कुणी आंदण दिला नाही. तू मिटवलंस तर उद्या कुणीही उठून आपल्या पोरींवर हात टाकेल." आपल्या पोरी म्हणजे आमच्याकडच्या नर्सेस. त्याचं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. कोरोनाच्या त्या दिवसांत आमच्या एका नर्सचं सामान घरमालकानं रस्त्यावर टाकलं होतं. टाळ्या-थाळ्या वाजवून झाल्यावर लोक आम्हाला लिफ्टमध्ये घेत नव्हते. अशात सरकारनं साथीच्या कायद्यात बदल केला, डॉक्टर-नर्सवर हात उचलला तर लगेच जामीन नाही, आणि निकाल होता होईल तो वर्षात. तेव्हा ती बातमी वाचून मला रडू आलं होतं, कुणीतरी पाठीवर हात ठेवला असं वाटून. त्याच कायद्यात आणखी एक आहे: मार खाणाऱ्याची इच्छा असेल तर, कोर्टाच्या परवानगीनं, तडजोड करता येते. म्हणजे दोर माझ्याच हातात. माझी आई, रुद्राणी, आमच्याकडंच असते. ती देवघरातून म्हणाली, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. आईचं सगळ्यालाच होगली बिडु असतं; दूध उतू गेलं तरी आणि माणूस गेला तरी. मी कडक भाकरी मोडत राहिले. वर्षात निकाल म्हणणाऱ्या कायद्यात पहिली साक्ष व्हायला इतकी वर्षं का लागली, हे कुणाला विचारलं नाही.

खरं तर ती थोबाडीत माझी नव्हतीच. हे मी इन्स्पेक्टरला सांगितलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, गोंधळ वाढवू नका." त्याचं असं होतं, की पीपीई किट घातल्यावर आम्ही सगळे सारखेच दिसायचो, म्हणून रोज सकाळी जाड मार्करनं किटच्या छातीवर आणि पाठीवर नावं लिहून ठेवायची पद्धत होती. डॉ. चंद्रिका, डॉ. विरेश, सिस्टर अमुक. विरेश आमचा ज्युनिअर, गोड बोलणारा पोरगा. त्या दिवशी त्याला ताप भरला आणि त्याचं किट नाव लिहून तयार पडलेलं. किटचा दुष्काळ. मी तेच चढवलं. नाव खोडावं असं कुणाच्या डोक्यात येणार? बाहेर बेचाळीस डिग्री, आत घामाचं तळं, त्यात मी विरेश की चंद्रिका याचा हिशेब कोण ठेवतंय. पण दाराबाहेर झाडाखाली दिवसरात्र बसलेल्या माणसांना आमची नावंच तेवढी माहीत होती. चेहरा नाही, नाव. आणि विरेशनं आदल्या दिवशी व्हिडिओ कॉल लावून बिरुदेवला त्याची आई दाखवली होती, आणि त्याच्या गोड जिभेनं म्हणाला होता, "काळजी करू नका, सोमवारी घरी सोडू." त्याला तसं वाटलंही असेल. नाही तर बाहेरच्यांची तोंडं बघून त्याला राहवलं नसेल. विरेश आता हैदराबादला असतो, त्याच्यावर माझा राग नाही. तेव्हा मात्र होता.

बिरुदेवची आई म्हणजे अंबुबाई. मंगळवेढ्याच्या पलीकडची, मेंढरांमागं आयुष्य काढलेली. ऑक्सिजनवर असूनसुद्धा वॉर्डभर हुकूम सोडणारी. किटवर पुरुषाचं नाव वाचून सिस्टरनं मला चुकून "सर" म्हटलं तर ही मास्कच्या आतून म्हणाली, "सर न्हाय गं, बाई हाय ती. चालन्यावरनं कळतंय की." चाल ओळखणारी माणसं ती, मेंढरू लंगडलं तर लांबून कळतं यांना. पोरानं डब्यातून भाकरी धाडली होती आणि भाकरीखाली वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी. सिस्टरनं उघडली आणि म्हणाली, "मॅडम, हळद आहे. टाकू का कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत?" जेवण सोडून बाहेरून आलेलं काहीही वॉर्डात ठेवायचं नाही असा नियम होता. मी पुडी घेतली. हळद नव्हे, भंडारा होता तो, त्यांच्या बिरोबाचा. आमच्या घरात विभूती असते. वडील, गुरुबसप्पा, गेले तेव्हा आईनं त्यांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि मगच मोठ्यांदा रडली. त्यामुळं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी अंबुबाईला म्हटलं, "लावू का कपाळाला?" तर म्हणते कशी, "आत्ता नगं. ह्ये थोबाडावरचं निघू दे. मास्क काढला की लावीन." मास्कचा पट्टा कपाळावरून जात नव्हता, तरी तिला ते तसं नको होतं. देवाचं लेणं मोकळ्या तोंडानं ल्यायचं. मी पुडी तिच्या उशीखाली सरकवली.

मास्क मीच काढला. रविवारी दुपारी. आधी जे करायचं असतं ते सगळं केलं. छातीवर दाब देऊन देऊन माझ्या हातांना गोळे आले. मग यंत्रावरची रेघ बघितली आणि पट्टा सोडवला. नाकावर, गालांवर मास्कचे खोल वळ पडले होते. उशीखालची पुडी काढली, ग्लोव्हचं बोट त्यात बुडवलं आणि तिच्या कपाळाला भंडारा लावला. भरपूर लावला. सिस्टर म्हणाली, "मॅडम, पुढचा पेशंट." मी तशीच दाराकडं निघाले, कारण मेल्याचं सांगायला मी कधी दुसऱ्याला पाठवत नसे. त्याची माझी एक रीत होती. दोन वाक्यं. पहिल्यात गेल्याचं, आडपडदा न ठेवता. दुसऱ्यात काहीतरी असं, जे त्या माणसाला घरी नेता येईल. शेवटी पाणी घेतलं. झोपेत गेले. तुमचं नाव घेतलं. खोटं कधी नाही, जे असेल ते. दार उघडलं, झाडाखालून एक उंच माणूस उठून आला. मी पहिलं वाक्य बोलले, "अंबुबाई गेल्या." दुसरं तोंडात होतं. भंडारा लावलाय हो कपाळाला. पण त्यानं माझ्या छातीवरचं नाव वाचलं होतं. "विरेश डाक्टर! सोमवारी धाडतो म्हनालास न्हवं?" आणि आलाच हात. शील्ड तुटली, गॉगल उडाला, मी पाण्याच्या टाकीवर आदळले. टोपी निघून केस बाहेर आले असणार, कारण पुढचं मला त्याचं ऐकू आलं, "अरं द्येवा, ही तर बाई हाय!" तो तिथंच फतकल मारून बसला. वॉचमन धावले, लाथा बसल्या त्याला, तो प्रतिकारसुद्धा करेना. नुसता "म्याडम, म्याडम." उठताना मी टाकीला हात टेकला होता, टाकीवर पिवळी बोटं उमटली होती. कुणीतरी औषधाच्या पाण्यानं पुसून टाकली. बिरुदेवनं वर बघितलं असतं, माझा हात बघितला असता तर! हा विचार मी किती वेळा केलाय. नुसता हात वर करून दाखवला असता तरी चाललं असतं. पण मार खाल्लेलं माणूस हात गालावर ठेवतं, दाखवत नाही.

नंतर जे झालं ते कायद्यानं झालं. पोलिसांनी त्याला नेलं, आणि लगेच जामीन नसल्यामुळं अंबुबाई महापालिकेच्या गाडीतून स्मशानात गेल्या तेव्हा पोरगा कोठडीत होता. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. कळलं तेव्हा, सांगते सरळ, बरं वाटलं होतं. गाल सुजलेला, कानात शिट्टी वाजत होती, अंगातून राग जात नव्हता. भोग म्हणावं आता. तो राग महिनाभर पुरला असेल. मग एके दिवशी जेवताना ते दुसरं वाक्य आठवलं आणि मी ताट सारून उठले. दवाखान्याच्या वकिलांना विचारलं, एक निरोप धाडू का त्या माणसाला? ते म्हणाले, "अजिबात नाही. फिर्यादीनं आरोपीशी बोलायचं नाही. उद्या तो म्हणेल, मॅडमनी माफी मागितली, म्हणजे चूक त्यांचीच." मला ते पटलं. पटायला सोपं होतं. बिरुदेव जामिनावर सुटल्यावर माझ्या दवाखान्यात आला होता, एकदा सोडून दोनदा. तोपर्यंत मी काउंटरला लोखंडी जाळी बसवून घेतली होती. आमचा कंपाउंडर गुरप्पा जाळीआडून त्याला म्हणाला, "केस चालू हाय, भेटता येत न्हाय." मी आत कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होते. वरून फक्त त्याचं डोकं दिसायचं, उघडं, उन्हात. थोडा वेळ उभा राहायचा आणि जायचा. माफी मागायला आला असेल, नाही तर केस काढा म्हणायला, असं मी धरून चालले. तेव्हापासून मेल्याचं सांगायला मी स्वतः जात नाही. ज्युनिअरला पाठवते. तो एकच वाक्य सांगून परत येतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकं भरली होती. सरकारी वकील घाईत होते, म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे मॅडम. हा मारला, इथं मारला, हाच तो. बस्स. नाही तर तडजोडीचं बघा, त्याचा वकील मागं लागलाय. पण आत्ताच काय ते ठरवा. एकदा साक्ष झाली की साहेब परवानगी देतीलच असं नाही." आणि ते दुसऱ्या केसकडं गेले. बिरुदेव खांबाला टेकून उभा होता. टॉवेल आता खांद्यावर. केस पांढरे झालेले. माझ्याहून लहान असेल तो. मी वकिलांना न विचारता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. 

"म्याडम," तो म्हणाला, आणि खाली बघायला लागला. "बाईवर हात टाकला मी. आमच्यात असलं कुनी करत न्हाय. क्येसचं काय बी होऊ द्या, मला त्ये न्हाय इचारायचं."

"मग काय विचारायचंय?"

"पुडी दिली हुती डब्यात. भंडारा. आईला घावली का, येवडंच. तवा तुमच्या दवाखान्यात दोनदा आल्तो, पन तुमचा त्यो मानूस म्हनला..."

"माहीत आहे काय म्हणाला ते," मी म्हटलं. आणि मग ते वाक्य बोलले.  साधं निघालं, भाजीचा भाव सांगावा तसं. "भंडारा लावला होता त्यांच्या कपाळाला. मीच लावला. मास्क काढला की लावीन म्हणाल्या होत्या, तर मास्क काढला आणि लावला. तुम्हाला तेच सांगायला बाहेर आले होते."

तो ऐकून घेत राहिला.  मी मनात म्हटलं, आता रडेल, मग मीही रडेन, आणि सुटू दोघं. तसं काही झालं नाही. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "माझा बा, सिदू त्याचं नाव, गाडीपशी हुता तवा. लांबनं. त्यानं इचारलं सगळ्यास्नी, म्हातारीला भंडारा लावलाय का. कुनालाच ठावं न्हाय. मी सुटून घरला गेलो, तर म्हनला, तू डाक्टरला मारलंस, म्हनून त्यांनी राग धरला आन् तिला कोऱ्या कपाळानं धाडली. तवापासनं बोलला न्हाय माझ्याशी. एका तव्यावरची भाकर खाऊन बोलला न्हाय. गेल्या दिवाळीत ग्येला. जाताना बी त्वांड भिताडाकडं." मग म्हणाला, "ह्ये त्याला सांगाया पायजे हुतं, म्याडम."

मला वाटत होतं ते वाक्य माझ्याकडं राहिलं, माझंच काय ते ओझं. तिकडं एक म्हातारा भिंतीकडं तोंड करून बसलाय हे माझ्या गावीही नव्हतं. जाळी मी माझ्या जिवाला बसवली होती, आणि कायदा माझ्या अंगरक्षकासारखा उभा होता, आणि दोघांनी त्यांचं काम चोख केलं होतं. अरे देवा. दिवाळीत गेला म्हणजे परवापरवापर्यंत होता. एक फोन. पत्तासुद्धा होता माझ्याकडं, पेशंटच्या केसपेपरवर. मी म्हटलं, "मी तडजोड करते. आत्ता. मिटवून टाकू." दुसरं देण्यासारखं माझ्याजवळ काय होतं?

"नगं," तो म्हणाला.

"अहो, शिक्षा होईल तुम्हाला. पाच वर्षांपर्यंत आहे ती."

"मिटलं तर तुमास्नी कोन बोलाया लावनार? तुमी आत्ता मला सांगितलं, त्ये माझ्यापाशी. मी गावात जाऊन सांगितलं तर भावकी म्हनंल, अंगावरचं झटकाया बोलतोय. कोर्टात शपतंवर सांगा. लिवून घ्या त्यास्नी. बाच्या मातीपशी जाऊन वाचून दावीन." आणि मग, अगदी हळू, "कुटल्या बोटानं लावला?"

मी उजवा हात वर केला, अंगठ्याशेजारचं बोट पुढं धरलं. तो वाकला, बोटाकडं बघायला की कपाळ टेकवायला ते मला कळलं नाही, कारण तेवढ्यात व्हरांड्यातला पोलीस ओरडत आला, "ए! मॅडमपासून लांब हो!" आणि त्याची कॉलर धरून त्याला मागं ओढलं. मी म्हणाले, "अहो, राहू द्या, काही करत नाहीत ते." पोलीस म्हणाला, "तुमच्यासाठीच हाय मॅडम ह्ये सगळं." त्याचंही बरोबरच होतं. त्याच वेळी पुकारा झाला.

पिंजऱ्यात उभी राहून मी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी काय घडलं?" मी सुरुवात किटपासून केली, कुणाचं नाव होतं त्यावर तिथपासून. वकिलांच्या भुवया वर गेल्या. मग अंबुबाई, मग पुडी. "साहेब, हे अप्रस्तुत आहे," बिरुदेवचा नव्हे, माझ्याच बाजूचा वकील म्हणाला. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुम्ही त्या क्षणी दाराशी कशासाठी आला होता, एवढंच सांगा."

"हे सांगायला, की त्यांच्या आईच्या कपाळाला मी भंडारा लावला आहे."

साहेबांनी स्टेनोला सांगितलं, "लिहा. मयताच्या कपाळास हळद लावल्याचे सांगण्यासाठी..."

"भंडारा, सायेब!" मागून आवाज आला. आरोपीनं मध्ये बोलायचं नसतं. पोलिसानं त्याला दाबलं, त्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. साहेब म्हणाले, "भंडारा लिहा." यंत्राची टकटक झाली. मी तेवढ्या वेळात खिडकीकडं बघत होते. बाहेर कडुलिंबाखाली त्याची मोटारसायकल उभी होती.

"आणि ते सांगितल्यावर?" वकिलांनी विचारलं.

"सांगता आलं नाही. त्याआधीच मारलं."

"कुणी मारलं? तो इसम आज कोर्टात हजर आहे का?"

भंडारा लावल्याचं खरं, तर हेही खरंच सांगायला हवं होतं. अर्धी शपथ घेता येत नाही. मी वळून बघितलं. व्हरांड्यात तो खालीच बघत होता; त्याचं अख्खं तोंड मी पहिल्यांदाच असं वर केलेलं, समोरासमोर बघत होते, मास्क नाही, टॉवेल नाही. आईचीच हनुवटी. तो माझ्याकडं बघून मान हलवत होता, म्हणा, म्हणा, म्हणून.

"होय," मी म्हणाले, "हेच ते," आणि बोट त्याच्याकडं केलं. तेच बोट.